गाळातला पाऊस

परभणी जिल्ह्यात समुद्री जीवाश्म हुडकायला कुणी आलंच, तर त्याला आधी चहा पाजावा आणि मग परतीची गाडी दाखवावी. इथं विहीर खणताना वर काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, आणि त्याच्याही खाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा खडक. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थरावर थर पसरत गेला तेव्हा इथं कोरडी जमीन होती. त्यामुळे त्या खडकात ना शिंपला, ना पोवळं. आजही जवळचा समुद्र म्हटलं तरी चारशे किलोमीटरवर आहे. आमच्याकडच्या कित्येक म्हाताऱ्या माणसांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईला किंवा कोकणात नव्हे, रामेश्वरला, आणि तोही अंघोळीपुरता.

बोलणं मात्र कुठूनही सुरू झालं तरी आमच्याकडं ते पावसावर येऊन थांबतं. लग्नाची बैठक असो की मयताचा तिसरा दिवस, कुणीतरी म्हणणारच, की पूर्वी पाऊस कसा पडायचा, आता तसा राहिला नाही. हे ‘पूर्वी’ म्हणजे नेमकं कधी, असं विचारलं की लोक गप्प होतात. माझ्या आजीचं ‘पूर्वी’ बहात्तरच्या आधीचं होतं. बहात्तर म्हणजे 1972. त्या साली खाल्लेल्या मिलोच्या लाल भाकरीची आणि खडी फोडायच्या कामाची आठवण तिनं शेवटपर्यंत सांगितली. माझ्या पिढीचं ‘पूर्वी’ त्याहून अलीकडं सरकलंय. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आधीचं सगळं आता आम्हाला सुकाळाचं वाटतं. म्हणजे प्रत्येकाचा चांगला पाऊस त्याच्या त्याच्या दुष्काळाच्या अलीकडं-पलीकडं ठरतो. या हिशोबाला काही जुना आधार मिळतो का, हे पाहता पाहता मी ज्या जिवांपाशी जाऊन पोचलो, त्यांनी जमीन कधी पाहिलेली नाही.

फोरॅमिनिफेरा हे त्यांचं नाव. एकाच पेशीचे जीव. त्यांतले काही समुद्राच्या तळाशी राहतात आणि काही वरच्या पाण्यात तरंगतात. आपलं काम तरंगणाऱ्यांशी. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन ते स्वतःभोवती कवच बांधतात, एका कप्प्याला दुसरा कप्पा जोडत वाढतात, महिनाभर किंवा त्याहूनही कमी जगतात, आणि पुढची पिढी सोडून दिली की त्यांचं रिकामं कवच खाली बुडतं. समुद्राच्या तळाचा फार मोठा भाग अशा कवचांच्या चिखलानंच झाकलेला आहे.

गोव्यात एका प्रयोगशाळेत मला ती बघायला मिळाली. तळातून काढलेला करडा गाळ बारीक चाळणीवर पाण्यानं धुतात. चाळणीची भोकं 63 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्श्याएवढी. माती निघून जाते आणि वर चिमूटभर पांढरी रेती उरते. तीच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की रेती राहत नाही. प्रत्येक कण म्हणजे फुगीर कप्प्यांचा गुच्छ, अंगावर बारीक छिद्रं, आणि एका बाजूला कमानीसारखं तोंड. तिथल्या मुलीनं दोन-चार केसांचा कुंचला पाण्यात बुडवला, टोकाला एक कवच उचललं आणि काळ्या पट्टीवरच्या आखलेल्या चौकटीत नेऊन ठेवलं. “हा रूबर,” ती म्हणाली. ग्लोबिजेरिनॉइडिस रूबर. तीन गोल कप्पे, आकार खसखशीच्या दाण्याहून लहान. रूबर म्हणजे तांबडा, आणि पट्टीवरचे सगळे तर पांढरेफटक. विचारल्यावर कळलं की याची गुलाबी जात अटलांटिकमध्ये आजही आहे. हिंदी आणि प्रशांत महासागरांतून मात्र ती सुमारे 1 लाख 20 हजार वर्षांपूर्वी नाहीशी झाली. त्यामुळे आपल्याकडच्या गाळात गुलाबी रूबर सापडला की तो थर त्याहून जुना, हे डोळे झाकून सांगता येतं. वय सांगायला यापेक्षा सोपी खूण कुठली असणार!

कुठलं कवच कुठं सापडतं, यातच सगळी गोष्ट आहे. 1872 ते 1876 या काळात ‘चॅलेंजर’ जहाजानं जगाचे समुद्र पालथे घातले. त्यातून जे हाती आलं त्यावर जॉन मरे यांनी पुढं दाखवून दिलं, की हे जीव समुद्रात वाटेल तसे पसरलेले नाहीत. विषुववृत्ताजवळचे वेगळे, समशीतोष्ण पाण्यातले वेगळे, ध्रुवांकडचे वेगळे. त्यांच्या वस्तीच्या हद्दी पाण्याच्या तापमानाप्रमाणे पडतात. मग कुणाच्याही मनात येईल तो पुढचा विचार असा, की पाणी थंड झालं तर या हद्दी सरकणार, आणि सरकल्या तर तळाच्या गाळात वरखाली वेगवेगळी कवचं सापडणार. झालंही तसंच. ग्लोबोरोटॅलिया मेनार्डी नावाची उष्ण पाण्यातली जात अटलांटिकच्या गाळात हिमयुगाच्या थरांतून गायब होते आणि ऊब परतली की पुन्हा उगवते. बहुधा ती आपल्याच हिंदी महासागरातून, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून तिकडं जात असावी. ध्रुवीय पाण्यातल्या पॅकिडर्मा या जातीची तर आणखी मजा. तिची कवचं डावीकडं वळलेली असली तर पाणी थंड आणि उजवीकडं वळलेली असली तर जरा कोमट, असं कित्येक वर्षं मानून लोक बिनचूक निष्कर्ष काढत राहिले. पुढं जनुकं तपासली तेव्हा कळलं, की डावे आणि उजवे या मुळात दोन वेगळ्याच जाती आहेत. निष्कर्ष बरोबर आणि कारण चूक, असं विज्ञानात पुष्कळदा होतं. देवघरातल्या उजव्या शंखाला आपण भाव देतो, पण डाव्या-उजव्यावरून समुद्राचा ताप मोजता येईल हे काही आपल्या मनात आलं नव्हतं.

1976 साली क्लायमॅप नावाच्या प्रकल्पानं या कवचांच्या आधारे 18 हजार वर्षांपूर्वीच्या समुद्राचा नकाशा काढला. ऑगस्ट महिन्यात कुठलं पाणी किती गरम होतं, याचा. एवढ्या जुन्या काळातला नेमका एक महिना धरून नकाशा काढायचा, हे धाडसच. त्यातले उष्ण कटिबंधाचे आकडे पुढं बरेच बदलले, पण रीत टिकली.

आता आपल्या पावसाकडं येऊ. अरबी समुद्रात, ओमानच्या किनाऱ्याशी, ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाची जात जगते. ती खरं म्हणजे गार पाण्यातली. तिचं मुख्य बस्तान ध्रुवांच्या अलीकडच्या समुद्रांत, उष्ण कटिबंधात तिचं काय काम? तर तिला तिथं आपला मोसमी वारा आणतो. जूनपासून नैऋत्येचा वारा जोरात वाहू लागला की तो ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी बाहेर ढकलतो, आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार, खतावलेलं पाणी वर येतं. त्या पाण्यात बुलॉइडिस मातते. वारा जोरदार तेवढं तिचं पीक जास्त, वारा पडला की तिची कवचं कमी. आणि हाच वारा पुढं आपल्याकडं ढग घेऊन येतो. अनिल गुप्ता, डेव्हिड अँडरसन आणि जोनाथन ओव्हरपेक यांनी ओमानजवळच्या गाळातली बुलॉइडिसची टक्केवारी काढत गेल्या दहा-अकरा हजार वर्षांतल्या मोसमी वाऱ्याचा आलेख 2003 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुरुवातीला वारा दणदणीत आहे आणि पुढं हळूहळू उतरत गेलाय. उत्तर अटलांटिक जेव्हा जेव्हा गारठला, तेव्हा तेव्हा इकडचा वारा मंदावलेला दिसतो.

सुरुवातीला वारा जोरदार का, याचं कारण आकाशात आहे. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ येते तो दिवस आज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पडतो. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी तो उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात पडायचा. त्यामुळे आशियाची जमीन जास्त तापायची आणि समुद्रावरचा वारा जास्त जोरानं आत ओढला जायचा. पुढं ती तारीख सरकत हिवाळ्यात गेली आणि पावसाचा जोर ओसरला. यात माणसाची चूक नाही आणि देवाचा कोपही नाही.

पण ओमान लांब राहिलं, आणि वारा म्हणजे पाऊस नव्हे. वारा सुटतो, ढग येतात आणि परभणीवरून तसेच नांदेडकडं निघून जातात, हे आम्ही दर जुलैत पाहतो. आमच्या खोऱ्याचं काही हवं असेल तर आमच्याच नदीमागं जायला हवं.

गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा असे तालुके करत ती जिल्ह्यातून जाते. गंगाखेडच्या घाटावर पुराच्या दिवसांत उभं राहिलं की पाणी दिसतच नाही, वाहती माती दिसते. लहानपणी ते पाणी हंड्यात भरून आजी तुरटी फिरवायची. सकाळी वर नितळ पाणी आणि तळाला बोटभर काळपट राड. राड ती परसात तुळशीच्या आळ्यात ओतायची. ते शेताचं पाणी, वाया घालवू नये, असं तिचं म्हणणं. बाकीची राड मात्र नांदेड, मग तेलंगण, मग राजमहेंद्री असं करत सहाशे-सातशे किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात जाऊन बसायची.

राजमहेंद्रीचा आणि आमचा संबंध नदीहूनही जुना आहे. दख्खनच्या लाव्ह्याचे शेवटचे लोट जुन्या दऱ्यांमधून हजारेक किलोमीटर वाहत तिथं समुद्राला मिळाले. महाबळेश्वरच्या खडकाशी त्यांचं रसायन जुळतं. तिथल्या खाणींत लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये समुद्री चुनखडी आहे, आणि तिच्यात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांची कवचं. गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2008 मध्ये तपासली. ती डायनोसॉर संपल्यानंतर लगेचच्या काळातली निघाली. त्या उत्पातात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या जवळजवळ सगळ्या जाती बुडाल्या होत्या, पुन्हा उभ्या राहिल्या त्या खुरट्या, बारक्या. दोष आमच्या लाव्ह्याचा की मेक्सिकोत पडलेल्या अशनीचा, यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडतात. त्या भांडणात मी पडत नाही. ज्या खडकावर आम्ही कापूस पिकवतो त्याच्यावर एवढा मोठा खटला चालू आहे, याचीच मला गंमत वाटते.

2006 साली ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ हे खोदकामाचं जहाज गोदावरीच्या मुखासमोर आलं होतं. भारत सरकारच्या कार्यक्रमात समुद्रतळाखाली गोठलेला वायू शोधायला. शोधायचं होतं इंधन. पण हजार मीटरहून खोल पाण्याखालून नळीत भरून जो गाळ वर आला, त्यातल्या 16A या क्रमांकाच्या नमुन्यात गेल्या अकरा हजार वर्षांचा गोदावरीचा गाळ न तुटता सलग होता. कामिलो पोन्टन, लिव्हिऊ जोसान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला.

त्यांनी दोन गोष्टी मोजल्या. पहिली पानांवरचं मेण. झाडं-गवतं कुजली तरी त्यांच्या पानांवरचा मेणाचा पातळ थर मातीबरोबर वाहत जाऊन हजारो वर्षं टिकतो, आणि कोरड्या हवेत तगणाऱ्या गवतांचं मेण कार्बनच्या वजनावरून वेगळं ओळखता येतं. दुसरा आमचा रूबर. त्याच्या कवचात ऑक्सिजन असतो, काही हलका, काही जड. वाफ होताना हलका आधी उडतो आणि तोच पाऊस होऊन नदीत येतो. म्हणून नद्या भरून वाहिल्या की उपसागराचं वरचं पाणी गोडसर आणि हलकं होतं, आणि त्यात वाढलेल्या रूबरचं कवचही हलकं. नद्या आटल्या की पाणी खारट, कवच जड. गंगाखेडला पूर आला का नाही, याची साक्ष अशी समुद्रातला जीव देतो. ती एकट्या परभणीची नाही, सगळ्या खोऱ्याची आणि उपसागराला मिळणाऱ्या इतर नद्यांचीही आहे, पण आमचा वाटा त्यात आहे.

साक्ष अशी. सुमारे 4000 वर्षांपूर्वीपासून खोरं कोरडं होत गेलं. कोरड्या हवेतलं गवत वाढत गेलं, ते 1700 वर्षांपूर्वीपर्यंत, आणि त्यानंतर ते हटलंच नाही. कुसळी आणि पवना आमच्या माळावर आहेत ते काही काल-परवा आलेले नाहीत. गेल्या 3000 वर्षांत, आणि त्यातही 1700 वर्षांपूर्वीनंतर, उपसागराचं पाणी मधूनच इतकं खारट झालेलं दिसतं, तितकं त्याआधीच्या आठ हजार वर्षांत कधी झालं नव्हतं. म्हणजे नुसता पाऊस कमी झाला असं नाही, त्याचा नेम गेला.

म्हणजे ‘पूर्वी पाऊस पडायचा’ हे खरंच आहे. फक्त ते ‘पूर्वी’ आजीच्या लहानपणी नव्हतं. ते शेती या खोऱ्यात पाय रोवायच्या आधीचं होतं. मला सगळ्यांत चक्रावून टाकतं ते हेच. माणूस इथं गावं करून राहू लागला, नांगरू लागला, तो पाऊस चांगला असताना नाही, तर तो हटायला लागल्यावर. प्रवरेकाठचं दायमाबाद, जोर्वे, भीमेच्या खोऱ्यातलं इनामगाव ही गावं याच उतरत्या काळातली. इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 उत्खनन केलं. तिथं पुराचं पाणी वळवायला खणलेला कालवा सापडला. आधीची ऐसपैस चौकोनी घरं पुढच्या थरांत जाऊन बारक्या गोल झोपड्या उरल्या. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी या पडझडीचं कारण वाढता कोरडेपणा हेच दिलं होतं, समुद्रातला हा गाळ कुणी पाहिला नव्हता तेव्हा.

पोन्टन आणि मंडळी असंही सुचवतात, की 1700 वर्षांपूर्वीनंतर पाऊस बेभरवशाचा झाला म्हणूनच दक्षिण भारतात तळी-बंधाऱ्यांची कला झपाट्यानं पसरली असावी. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं सेलू तालुक्यातली वालूरची बारव आली. पायऱ्या चक्राकार फिरत खाली पाण्यापर्यंत जातात. जिंतूर तालुक्यात चारठाण्यालाही जुनी बारव आहे. बारवांबद्दल आपण बोलतो ते कोरीव कामाचं कौतुक करत. मला त्यात पाणी दर वर्षी वेगळ्या पायरीवर असणार हे मुकाट्यानं मान्य केलेली माणसं दिसतात. नदीच्या मुखाशी बसलेल्या रूबरचं आणि वालूरच्या गवंड्याचं म्हणणं एकच आहे, हा निष्कर्ष अर्थात माझा. कुठल्या शास्त्रज्ञानं तो काढलेला नाही.

त्याच गाळानं आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती तितकीशी सुखाची नाही. जोसान आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की शेवटच्या चारेक हजार वर्षांत समुद्रात येणाऱ्या मातीत दख्खनच्या काळ्या मातीचा वाटा वाढत गेलाय, आणि धूपही प्रचंड वाढलीय. हवा कोरडी झाली, झाडझाडोरा विरळ झाला, त्यात नांगर आला. आमच्या काळ्या रानाचं आम्ही केवढं गुणगान करतो! ते वाहून जाणं जायकवाडीच्या कालव्यानं किंवा ट्रॅक्टरनं सुरू झालेलं नाही, पहिल्या औतानंच सुरू झालंय.

गंगाखेडजवळ माझा चुलतभाऊ शेती करतो. त्याला मी हे सगळं बांधावर बसून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे आपली माती तिकडं जाऊन बसली म्हन की.”

“हो दादा. आता मात्र जात नाही तितकी. धरणांत अडकते.”

“मंग आनू की काढून. तळ्यातला गाळ आनलाच ना मागल्या उन्हाळ्यात, तीन एकरावर टाकला.”

तो थट्टा करत होता, पण मुद्दा खरा होता. 1970 च्या दशकानंतर गोदावरीनं समुद्रात नेलेला गाळ निम्म्याहून कमी झालाय. पैठणच्या नाथसागरापासून ढालेगाव, मुदगल, डिग्रसच्या बंधाऱ्यांपर्यंत ठिकठिकाणी पाणी अडतं आणि त्याबरोबर मातीही. तिकडं आंध्रातला त्रिभुज प्रदेश समुद्र कुरतडू लागलाय. रूबरची कवचं पडतच राहतील, पण त्यांच्यासोबत थरात जाणारं आमचं मेण, आमची माती कमी पडणार. दुष्काळाची सगळ्यांत जास्त चर्चा करणाऱ्या पिढीची नोंद सगळ्यांत पातळ असेल.

समुद्रात तरंगणारे हे जीवही जागचे हललेत. लुकास योंकर्स आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये तळाच्या गाळातली औद्योगिक काळाआधीची कवचं आणि आज पाण्यात लावलेल्या सापळ्यांत पडणारी कवचं ताडून पाहिली. पाणी तापलंय तिथं आता पूर्वी जास्त उष्ण समुद्रात असणारं मिश्रण सापडतं. हद्दी शेकडो किलोमीटर सरकल्यात. हिमयुग सरताना याच हद्दी सरकायला हजारो वर्षं लागली होती.

“ते बहात्तर दिसतं का त्याच्यात?” दादानं विचारलं.

दिसत नाही. तळाच्या गाळात किडे वळवळत वरखाली करतात, आणि कवचं मोजायला घेतलेल्या एका चिमटीत कित्येक वर्षं एकत्र आलेली असतात. एखाददुसऱ्या सालाचा दुष्काळ तिथं उमटत नाही. त्याला पन्नास-शंभर वर्षांची ओढ लागते. आजीचं अख्खं आयुष्य, बहात्तरसकट, दोन थरांच्या मध्ये कुठंतरी विरघळून गेलं असेल. 1396 पासून बारा वर्षं चाललेला म्हणून सांगतात तो दुर्गादेवीचा दुष्काळसुद्धा तिथं वेगळा काढून दाखवणं कठीण.

दादाला हे पटलं नाही. ज्या नोंदीत बहात्तर नाही ती कसली नोंद, असं त्याचं म्हणणं पडलं. मग त्यानं मोबाइल काढून विद्यापीठाचा हवामान सल्ला पाहिला, ढेकूळ हातात फोडून ओल बघितली, आणि हस्ताच्या पावसाची वाट न बघता ज्वारी पेरून टाकायची की आणखी आठ दिवस थांबायचं, यावर आमची चर्चा वळली. तो पेरा म्हणत होता, वहिनी थांबा म्हणत होत्या.